पोटात कळ, लिव्हरचा रिपोर्ट बिघडलेला आणि कारण सापडत नाही: काय करायचं, कोणत्या क्रमाने

पोटात अधूनमधून जोराची कळ येते. रक्त तपासलं तर एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं. सोनोग्राफी नॉर्मल. गोळ्या होतात, महिन्याने पुन्हा रक्त तपासतात, आकडे उतरलेले असतात, फाइल कपाटात जाते. दोन महिन्यांनी पुन्हा तीच कळ.

माझ्या धाकट्या बहिणीचं हे चक्र १४ महिने चाललं. तिचं पित्ताशय आधीच काढलेलं होतं, त्यामुळे आता खडा कुठून येणार, असं म्हणून त्या दिशेला कुणी पाहिलंच नाही. आमच्याकडे चार लॅबचे नऊ रिपोर्ट जमले होते आणि त्यातलं एकही रक्त कळ आलेली असताना काढलेलं नव्हतं. एका रविवारी रात्री कळ आली तेव्हा आम्ही तीन-चार तासांत रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी परत दिलं, आठवड्याने तिसऱ्यांदा. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर डॉक्टरांनी लगेच पुढची तपासणी लिहून दिली आणि पित्तनलिकेत, म्हणजे लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, अडकलेला बारीक खडा सापडला.

तेव्हापासून ओळखीतली माणसं फाइल घेऊन येतात. चुका त्याच असतात: रक्त चुकीच्या वेळी दिलेलं, घरात काय काय घेतलं जातंय ते लपवलेलं, आणि तपासण्यांचा क्रम उलटा. मी डॉक्टर नाही. तुम्हाला कोणता आजार आहे ते हा लेख सांगणार नाही. डॉक्टरांना तो शोधता यावा म्हणून आपल्या बाजूने काय तयारी करायची, एवढंच इथे आहे.

## सगळ्यात आधी: यातलं काही असेल तर पुढे वाचू नका

खालच्या गोष्टींत वही, तयारी, अपॉइंटमेंट काही नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

- पोटदुखी, थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे एकत्र. पित्तनलिका तुंबून आत जंतुसंसर्ग झाल्याची ही खूण असू शकते. सकाळपर्यंत थांबायचं नाही.
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती अशी चिकट नसते.
- कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसभर गुंगीत आहे, हात थरथरताहेत.
- पोट फळीसारखं कडक झालंय, किंवा शी आणि वारा दोन्ही बंद होऊन उलट्या सुरू आहेत.
- छातीच्या खाली दाब, घाम, धाप. हृदयविकाराचा झटका पोटदुखीसारखा येऊ शकतो. आधी ईसीजी, मग बाकीचं.
- गरोदर बाई, पाचव्या महिन्यानंतर, बरगडीखाली दुखणं, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा चेहऱ्यावर सूज.
- पॅरासिटामॉलच्या गोळ्या चुकून किंवा मुद्दाम जास्त गेल्या. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो, लिव्हर नंतर बिघडतं. यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो.

## टप्पा १: ‘पित्त झालंय’ हे शब्द बाजूला ठेवा

हा टप्पा लोकांना क्षुल्लक वाटतो. माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच होतो.

आपल्याकडे पित्त म्हणजे छातीत जळजळ. पित्त म्हणजे आंबट ढेकर. पित्त म्हणजे डोकं दुखून झालेली पिवळी उलटी. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आणि लिव्हर ज्या रसाची निर्मिती करतं तोही पित्त. तुम्ही डॉक्टरांना ‘पित्त झालंय’ म्हणालात की त्यांच्या कानावर ‘अॅसिडिटी’ पडते आणि अॅसिडिटीची गोळी लिहिली जाते. बहिणीने ही गोळी सात महिने घेतली.

त्याऐवजी दुखण्याचं वर्णन करा. आपल्या भाषेत त्याला शब्द भरपूर आहेत: कळ, मुरडा, जळजळ, ठणका, टोचणी, चमक, भरल्यासारखं वाटणं. हे सगळे वेगळे आहेत. मुरडा येऊन शी झाल्यावर सुटत असेल तर आतड्याकडे बोट जातं. जळजळ होऊन दुधाने किंवा अॅसिडिटीच्या गोळीने शांत होत असेल तर जठराकडे. पित्तनलिकेची कळ साधारण वेगळी वागते: वरच्या पोटात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, चढत जाऊन एका पातळीवर टिकून राहणारी, अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणारी, रोज न येता कधीतरी येणारी, आणि कूस बदलून, शी करून किंवा गोळी घेऊन न हटणारी. ती पाठीत किंवा उजव्या फऱ्याखाली जाऊ शकते. स्वादुपिंडाचं दुखणं बहुधा पाठीत आरपार जातं आणि पुढे वाकून बसलं की थोडं हलकं वाटतं.

आता एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, भेटीच्या वेळी सापडत नाही. प्रत्येक वेळी एवढंच लिहा:

१. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ.
२. बोटाने दाखवता येईल अशी जागा. एका बोटाने दाखवता येते की अख्खा तळवा लागतो, हेही.
३. आधीच्या सहा तासांत काय खाल्लं-प्यायलं.
४. ताप, उलटी, खाज, शीचा रंग, लघवीचा रंग.
५. कोणती गोळी घेतली, कितीने आराम पडला.
६. बायकांनी पाळीचा दिवस.

लघवी कडक चहासारखी आणि शी मातकट पांढरी, ही जोडी दिसली तर वहीत ठळक लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पित्त आतड्यात उतरत नसल्याची ती खूण आहे.

तपासा: वहीत कारणं लिहू नका. ‘काल वडापाव खाल्ला म्हणून’ हा निष्कर्ष झाला. ‘सायंकाळी ६ ला वडापाव, रात्री ९:४० ला कळ’ ही नोंद झाली.

## टप्पा २: घरातलं सगळं एका पिशवीत

कोणतं औषध चालू आहे असं विचारलं की लोक बीपीची गोळी सांगतात. काढा सांगत नाहीत, कारण ते ‘औषध’ नाहीच असं वाटतं. जिममधली पावडर मुलगा सांगत नाही. केस गळतात म्हणून घेतलेल्या कॅप्सूल आठवतच नाहीत.

म्हणून सांगायच्या भानगडीत पडू नका. मागच्या सहा महिन्यांत जे जे तोंडावाटे पोटात गेलं ते सगळं, रिकाम्या पाकिटांसकट, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. पिशवीत हे आलंच पाहिजे:

- टीबीची औषधं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. सावध: मळमळ, भूक जाणं, डोळे पिवळे दिसणं असं काही झालं तर त्याच दिवशी आपल्या टीबी केंद्रात जा. औषधं थांबवायची का आणि नंतर कोणत्या क्रमाने पुन्हा सुरू करायची, ते तिथेच ठरतं. महिनाभर स्वतःच बंद करून घरी बसणं हा दुसरा धोका.
- सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्या. अनेकांत पॅरासिटामॉल असतं. अंगदुखीची एक, सर्दीची एक, तापाची एक, अशा तीन पाकिटांतून तेच औषध तीनदा जातं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसात ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा आहे. लिव्हर आधीच बिघडलेलं असेल, वजन कमी असेल किंवा रोज दारू असेल तर ती बरीच खाली येते.
- गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, वजन उतरवायच्या पुड्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. त्या वादात तुम्ही पडायची गरज नाही. रिपोर्ट बिघडलेला असताना घेताय, तर डॉक्टरांना ते दिसलं पाहिजे, इतकंच. भाजीतल्या चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही.
- भस्मं आणि रसौषधी. काहींत शिसं आढळलेलं आहे. शिशाने पोटात भयंकर कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. रक्तातलं शिसं मोजता येतं, पण कुणीतरी ते तपासायला सांगावं लागतं, आणि पुडी लपवली तर कुणी सांगणार नाही.

दारूचं प्रमाण खरं सांगा. ‘कधीतरी’ हे उत्तर नाही. आठवड्यातून किती दिवस आणि दर वेळी किती, असं सांगा. बायको किंवा आई सोबत असल्यामुळे सांगता येत नसेल तर त्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा.

सावध: कावीळ उतरवायला नाकात थेंब टाकून घेणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं पाहणं, गळ्यात माळ बांधून ती लांबते का बघणं, यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून माळेचं नाव होतं. नलिकेत खडा किंवा गाठ असेल तर ती माळेने हलत नाही.

## टप्पा ३: रक्त नीट द्या

चुकीच्या दिवशी दिलेलं रक्त खोटी भीती घालतं.

१. दर वेळी एकच लॅब. प्रत्येक लॅबच्या मर्यादा वेगळ्या असतात. एका ठिकाणचे ५२ आणि दुसऱ्या ठिकाणचे ४८ यांवरून ‘उतरलं’ म्हणता येत नाही.
२. आधीचा आठवडा जोराचा व्यायाम नको. कळसूबाई चढून आल्यावर किंवा जिमचा पहिला आठवडा संपल्यावर एसजीओटी (एसजीपीटीच्या जोडीचं एन्झाइम, हे स्नायूंतही असतं), आणि काही प्रमाणात एसजीपीटीही, स्नायूंतून वाढतं. संशय असेल तर सोबत सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) तपासतात.
३. कडक उपासानंतर नको. काही लोकांना जन्मतः गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी गोष्ट असते. नवरात्रात किंवा तापात त्यांचं इनडायरेक्ट बिलिरुबिन (बिलिरुबिन म्हणजे डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य) थोडं चढतं, डोळे किंचित पिवळे दिसतात, बाकी सगळं नॉर्मल असतं. त्यावर औषध लागत नाही. त्याने पोटात कळही येत नाही, म्हणून ते सापडलं की शोध थांबवू नका.
४. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या आहेत. आकड्यांवर विचार न करता पुन्हा रक्त द्या.
५. नुसतं एलएफटी (लिव्हरच्या तपासण्यांचा संच) न करता सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) विचारा. वरच्या पोटात दुखत असेल तर स्वादुपिंडासाठी लायपेजही.

## टप्पा ४: आकडे नाही, आकड्यांचा नमुना बघा

‘एसजीपीटी ३००, म्हणजे लिव्हर खराब’ असं नसतं. दोन माणसांचं ३०० अगदी वेगळ्या कारणाने असू शकतं. रिपोर्ट घेऊन बसा आणि प्रत्येक आकडा त्याच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते पेन्सिलने शेजारी लिहा.

समजा एसजीपीटी ४०० आहे आणि मर्यादा ४०. म्हणजे १० पट. अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा रस्ता अडला की वाढणारं एन्झाइम) १८० आणि मर्यादा १२०. म्हणजे दीडपट. १० ला दीडने भागलं की साडेसहाच्या आसपास येतं. हा भागाकार ५ च्या वर असेल तर लिव्हरच्या पेशींना इजा (व्हायरस, औषध), २ च्या खाली असेल तर पित्ताचा रस्ता अडलेला, मधला असेल तर मिश्र, असा ठोकळ अंदाज डॉक्टर बांधतात.

सावध: या अंदाजाला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या विषयातला आहे. पित्तनलिकेत खडा अचानक अडकला तर पहिल्या दिवशी एसजीओटी-एसजीपीटी भराभर चढतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज मागाहून वाढतं. म्हणजे पहिल्या दिवसाचा रिपोर्ट कावीळीच्या व्हायरससारखा दिसू शकतो. खडा सुटला की आकडे काही दिवसांत निम्म्यावर, पाव हिश्शावर येतात. व्हायरसमध्ये ते उतरायला आठवडे लागतात. फरक एका रिपोर्टमध्ये नाही, दोन रिपोर्टच्या मधल्या उतारात आहे.

आणखी काही खुणा. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा प्रश्न आधी येतो. अल्कलाइन फॉस्फटेज एकटंच वाढलेलं असेल तर ते हाडांतूनही येऊ शकतं, वाढत्या मुलांत आणि गरोदरपणात ते वाढतंच. अशा वेळी जीजीटी (हाडांतून न येणारं लिव्हरचं एन्झाइम) करतात. तेही वाढलं असेल तर लिव्हर किंवा पित्तनलिका.

एसजीपीटी हा लिव्हर किती काम करतं याचा आकडा नाही. पेशी किती फुटल्या याचा आहे. काम किती चालतं ते आयएनआर, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) आणि बिलिरुबिन सांगतात. एसजीपीटी हजारावरून शंभरावर आलं आणि आयएनआर चढत चाललं, तर ही सुधारणा नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

‘लिव्हरला सूज आहे’ हे निदान नाही. ते ऐकलंत की विचारा: कशामुळे?

## टप्पा ५: कळ आलेली असताना रक्त द्या

हा लेख मी या एका टप्प्यासाठी लिहितेय.

कळ येते रात्री. आपण सहन करतो, सकाळी बरं वाटतं, कामावर जातो, शनिवारी वेळ मिळाला की रक्त देतो. तोवर खडा आतड्यात उतरलेला असतो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. डॉक्टर स्वच्छ रिपोर्ट बघून म्हणतात टेन्शन घेऊ नका. त्यांच्या हातात जे दिलं त्यावरून ते बरोबरच बोलत असतात.

तयारी अशी ठेवा:

१. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तारीख न टाकलेली चिठ्ठी लिहून घ्या: ‘कळ आल्यावर एलएफटी, लायपेज, सीबीसी’. मी सांगून लिहून घेतली, कुणी नाही म्हणालं नाही.
२. रात्री रक्त घेणारं ठिकाण आधीच शोधून ठेवा. बहुतेक वेळा ते हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग असतो. गावात सोय नसेल तर तालुक्याला कुठे आहे ते विचारा.
३. पहिलं रक्त कळ सुरू झाल्यापासून काही तासांत. दुसरं साधारण २४ तासांनी, कारण आकडे चढायला वेळ लागतो. तिसरं दुखणं थांबून आठवडा झाल्यावर.
४. तिन्ही रिपोर्टवर हाताने लिहा: ‘कळ सुरू होऊन ३ तास’, ‘कळ थांबून १८ तास’, ‘कळ नाही, ७ दिवस’. लॅब फक्त तारीख छापते. ती तारीख तुमच्या दुखण्याबद्दल काही सांगत नाही.

तपासा: कळ येताना आकडे चढतात आणि जाताना उतरतात, असं दोनदा दिसलं, तर पित्तमार्गाकडे बघण्याचं भक्कम कारण तुमच्या हातात आहे. आकडे कायम एकाच पातळीवर थोडे वाढलेले आणि कळ मात्र येते-जाते, असं दिसलं तर हे बहुधा दोन वेगळे प्रश्न आहेत. फॅटी लिव्हर आणि वर बद्धकोष्ठ, ही जोडी अगदी नेहमीची. फॅटी लिव्हरमध्ये उजवीकडे जडपणा वाटू शकतो, पण रात्री उठवणारी कळ त्याच्या माथी मारू नका.

## टप्पा ६: पुढच्या तपासण्या, पायरी न चुकता

पहिली पायरी, सोनोग्राफी. सहा ते आठ तास उपाशी. चहासुद्धा नको. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं दिसत नाही. सोनोग्राफी पित्ताशयातले खडे छान दाखवते. नलिकेच्या खालच्या टोकातला खडा आतड्यातल्या वायूमुळे सहज निसटतो. रिपोर्टमध्ये ‘सीबीडी’ (मुख्य पित्तनलिका) किती मिलिमीटर लिहिलंय ते बघा, आणि खालचा भाग दिसला नाही असं लिहिलंय का तेही. तसं लिहिलं असेल तर तो रिपोर्ट नॉर्मल नाही, अपुरा आहे. लिव्हरमधला गळू मात्र सोनोग्राफीत बहुतेकदा सापडतो: ताप, उजव्या बाजूला दुखणं, खोकताना कळ अशी तक्रार असेल तर ती आजच करा.

दुसरी पायरी, रक्ताच्या नेमक्या तपासण्या. हिपॅटायटिस बी आणि सी प्रत्येकाने करावं. पावसाळ्यात, दूषित पाण्याची शंका असेल तर ए आणि ई. गरोदर बाईला ई प्रकार फार धोकादायक ठरू शकतो. पुराच्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालला असाल, ताप आणि पोटऱ्यांत दुखणं असेल, तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) नाव तुम्ही स्वतः काढा. डेंगी, मलेरिया, टायफॉइड या तिन्हींत लिव्हरचे आकडे वाढतात. बी आणि सी साठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आकडे सहा महिन्यांहून जास्त काळ वाढलेले असतील तर ऑटोइम्यून तपासण्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटली आहे का), फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा), थायरॉइड, तरुण माणसात तांब्याशी संबंधित सेरुलोप्लाझ्मिन, आणि गव्हाच्या अॅलर्जीसारख्या सिलिअॅक आजाराची टीटीजी तपासणी. सावध: टीटीजीचं रक्त देण्याआधी पोळी बंद करू नका. गहू सोडला की तपासणी खोटी नॉर्मल येते.

तिसरी पायरी, एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय. अंगात पेसमेकर, क्लिप, धातू असेल तर आधी सांगा. अगदी बारीक खडे त्यातही निसटतात. तेव्हा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी जास्त बारकाईने दाखवते.

चौथी पायरी, ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेतला अडथळा काढणं. इथे लोक घाई करतात. ‘दुर्बिणीने बघून टाकू’ असं म्हणतात. ईआरसीपी हा बघण्याचा मार्ग नाही, उपचार आहे. त्यानंतर शंभरातल्या साधारण ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ती कधी गंभीरही होते. खडा किंवा अडथळा आधी दिसलेला असला पाहिजे.

पित्ताशय काढल्यावरही दुखत राहिलं तर नलिकेच्या तोंडाची झडप आवळते, असं निदान पूर्वी सर्रास व्हायचं आणि झडप कापली जायची. अमेरिकेत २१४ रुग्णांवर नीट चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ मध्ये आले. नलिका फुगलेली नाही, रक्तात विशेष बिघाड नाही, फक्त दुखतं, अशा या लोकांत झडप कापल्याचा काही फायदा दिसला नाही. लुटुपुटीची शस्त्रक्रिया (झडप न कापता फक्त केल्यासारखी) झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना आराम पडला, खरी झडप कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. तुमच्या टप्पा ५ च्या कागदांची किंमत इथे कळते. नुसत्या दुखण्यावर कुणी झडप कापायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

## टप्पा ७: भेटीला जाताना एक पान

जाड फाइल कुणी वाचत नाही, वाचायला वेळच नसतो. एका पानावर तक्ता करा. आडवे रकाने: तारीख, कळ होती का, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, आयएनआर. खाली चार ओळी: झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधं, वजन किती घटलं, घरात कुणाला लिव्हरचा आजार. तो कागद सगळ्यात वर ठेवा.

सोबत जाणाऱ्याने रुग्णाला बोलू द्यावं. मी सुरुवातीला बहिणीच्या वतीने बोलत असे आणि तिची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कळेच्या दुसऱ्या दिवशी लघवी गडद होते ही, माझ्यामुळेच चार भेटींत निघाली नाही.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कशाची शंका आहे? ती खरी ठरली नाही तर पुढे काय बघणार? कोणती लक्षणं दिसली तर मी थेट यायचं?

## टप्पा ८: सगळं नॉर्मल, तरी दुखतंच

‘मानसिक आहे’ हे ऐकण्याआधी चार गोष्टी तपासून झाल्या आहेत का बघा.

पोटाची भिंत. पाठीवर झोपा. दुखणाऱ्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे गादीवरून उचला. दुखणं वाढलं किंवा तेवढंच राहिलं, तर ते बहुधा आतलं नाही, स्नायूत अडकलेल्या बारीक नसेचं आहे. कमी झालं तर आतलं. कार्नेट या सर्जनने १९२६ मध्ये सांगितलेली ही तपासणी एका मिनिटात होते आणि क्वचितच केली जाते. अशा दुखण्यावर त्या जागी भूल देणारं इंजेक्शन बऱ्याचदा काम करतं.

नागीण. एकाच बाजूला पट्ट्यासारखं जळजळणारं दुखणं असेल तर पुरळ येण्याआधीचे ते दिवस असू शकतात. रोज त्वचा बघा.

पॉर्फिरिया. दुर्मीळ आहे, पण चुकतो फार. कळा इतक्या तीव्र की माणूस लोळतो, पोट मात्र दाबलं तर मऊ. हातापायांत अशक्तपणा, बेचैनी, लिव्हरचे आकडे किंचित वाढलेले, लघवी उन्हात ठेवली की गडद तांबूस. लघवीतलं पोर्फोबिलिनोजन तपासतात, तेही कळ चालू असताना, आणि नमुना काळ्या कागदात गुंडाळून द्यायचा.

लिव्हरच्या शिरा. पोट फुगतंय, लिव्हर मोठं झालंय, पाय सुजताहेत, तर साध्या सोनोग्राफीऐवजी डॉपलर मागा. शिरेत गुठळी असेल तर ती त्यात दिसते.

हे सगळं होऊनही काही निघालं नाही, तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या नसा जास्त संवेदनशील होतात, त्याने खरं दुखतं आणि त्यावर औषधं आहेत. त्यातली काही नैराश्यावरची औषधं कमी मात्रेत असतात. चिठ्ठीवर ते नाव बघून ‘मला वेडं ठरवलं’ असं वाटून बहिणीच्या शेजारणीने औषध टाकून दिलं होतं. मात्रा आणि उद्देश दोन्ही वेगळे असतात, विचारून घ्या.

## दरम्यानच्या दिवसांत

कारण सापडेपर्यंत महिने जातात आणि त्या महिन्यांत स्वयंपाक, नोकरी, मुलांच्या परीक्षा सगळं चालूच असतं.

दारू पूर्ण बंद. ‘बिअर चालते’ असं काही नाही.

जेवण थोडं आणि वेळेवर. तळलेल्याने कळ येत असेल तर तळलेलं टाळा, पण फक्त उसाचा रस, फुटाणे आणि बिनफोडणीचं वरण यांवर महिनोन्महिने राहू नका. प्रथिनं कमी पडून माणूस खंगतो. अंडं, दही, डाळ, पचेल तेवढं तेल चालतं. हळद पिवळी म्हणून कावीळ वाढवते, हे खरं नाही. फॅटी लिव्हर असेल तर वजनाच्या ७ ते १० टक्के उतार सावकाश घडवणं हेच औषध. उपासमारीने वजन झपाट्याने उतरवलं तर उलट पित्ताशयात खडे होऊ शकतात.

वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. लिव्हर बिघडलंय म्हणून ते टाळून मेडिकलमधून दुसरी दुखण्याची गोळी आणणं जास्त धोक्याचं ठरू शकतं: जठराला जखम, किडनीवर ताण. कोडीन किंवा मॉर्फीन गटातल्या औषधांनी काहींच्या नलिकेची झडप आवळते आणि कळ वाढते. असं एकदा झालं असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

रात्रीची भीती वेगळीच असते. दुखत नसतानाही आज येईल का, या विचाराने झोप लागत नाही. आम्ही दाराजवळ एक पिशवी भरून ठेवली होती: न तारखेची चिठ्ठी, आधार कार्ड आणि विम्याचे कागद, तक्त्याचं पान, पाण्याची बाटली, चार्जर, शाल. रिक्षावाल्या काकांचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. पिशवी तयार झाली त्या आठवड्यापासून बहीण जरा झोपू लागली.

निदान झाल्यावर आणि उपचार झाल्यावरही वही लगेच टाकू नका. डॉक्टर सांगतील त्या तारखांना, त्याच लॅबमध्ये, एलएफटी पुन्हा करा. बहिणीचं दोनदा झालंय, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी, दोन्ही रिपोर्टवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘कळ नाही’.